दोन ओळी कमी

‘पेस्ट’ म्हटलं की आपल्याला कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही आठवतं. (सबमिशनच्या आदल्या रात्री तर दुसरं काही आठवतच नाही!) पण लिनक्सच्या लॅबमध्ये याच नावाची एक वेगळी कमांड आहे. तिला दोन फाइल्स दिल्या की ती पहिलीची पहिली ओळ आणि दुसरीची पहिली ओळ शेजारी शेजारी ठेवते, मध्ये एक टॅब. मग दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी. टॅबऐवजी स्वल्पविराम हवा असेल तर ‘हायफन डी’. बस्स! इतकी गरीब कमांड, पण तिच्यामुळे आम्ही चांगलेच तोंडघशी पडणार होतो.

मी सातारचा, माझा रूम पार्टनर सांगलीचा. कराडच्या या हॉस्टेलवर आमची गाठ रेक्टर सरांच्या यादीनं घातली. पावसाळा आला की पार्टनरचं एकच पालुपद, “तुम्ही सातारकर वर दरवाजे उघडता, आम्ही खाली बुडतो.” कोयना धरण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. क्षमता 105.25 टीएमसी. तिथून सुटलेलं पाणी इथं प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलाखालून जातं. 1929 सालच्या या पुलाजवळची पातळी म्हणजे सांगलीकरांची नाडीच. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं.

मिनी प्रोजेक्टला हाच विषय घेतला. भांडण एकदाचं मिटवून टाकू! मी लायब्ररीतल्या जुन्या वर्तमानपत्रांतून कोयनेचा रोजचा विसर्ग टाइप केला. त्यानं वडिलांची वही आणली. काकांना पावसाळ्यात रोज आयर्विनची पातळी लिहून ठेवायची सवय. दोन्ही फाइल्समध्ये आधी तारीख, मग आकडा. “तारीख दोनदा कशाला?” म्हणून मीच शहाणपणा केला आणि ‘कट’ कमांडनं त्याच्या फाइलमधली तारीख उडवली. मग ‘पेस्ट कोयना आयर्विन’. तीन रकाने कसे छान उभे राहिले.

ग्राफ काढला. धरणातून पाणी सुटतंय आणि सांगलीचं पाणी आधीच उतरायला लागलंय! मी खूश. ‘विसर्गाचा व पुराचा संबंध दिसत नाही’ असं वाक्य रिपोर्टमध्ये टाकूनही दिलं. पार्टनर मात्र एका ओळीवर बोट ठेवून गप्प बसला होता.

“ह्या दिवशी पाणी उतरलं होय? अरे, ह्या दिवशी आम्हाला वरच्या मजल्यावरून होडीत घेतलं. मी आठवीत होतो, पण तारीख विसरीन काय?”

मी काहीच बोललो नाही. ‘डब्ल्यूसी हायफन एल’नं ओळी मोजल्या. माझ्या फाइलमध्ये 31, त्याच्या फाइलमध्ये 29. वही उघडली. होडी यायच्या आधीचे दोन दिवस वहीत नव्हतेच. घरात लाइट नाही, पेपर नाही, फोन बंद. काका लिहिणार कुठून? पुढचे आकडे त्यांनी मिरजेत मावशीकडे पेपर बघून लिहिलेले.

पेस्टला तारीख कळत नाही, फक्त ओळीचा नंबर कळतो. दोन ओळी गळाल्या आणि पुढचा सगळा महिना दोन दिवस वर सरकला. एरर नाही, वॉर्निंग नाही. फक्त अगदी खाली, शेवटच्या दोन ओळींत तिसरा रकाना कोरा होता. तिथवर आम्ही बघितलंच नव्हतं.

मग तारखा परत आणल्या आणि ‘जॉइन’ वापरली. ती दोन्ही फाइल्समधली तारीख जुळली तरच ओळ जोडते. मात्र न जुळलेली ओळ ती सरळ टाकून देते, म्हणजे ते दोन दिवस पुन्हा गायब! ‘हायफन ए 1’ दिल्यावर पहिल्या फाइलमधल्या सगळ्या ओळी राहिल्या. ते दोन दिवस आपल्या जागी आले. पुढे पातळी नाही, नुसती मोकळी जागा.

रात्री काकांना फोन लावला. ते म्हणाले, “आकडा नाही रे पोरा. पण आपल्या जिन्याची सातवी पायरी बुडाली होती, एवढं नक्की.”

पायरीचे फूट आम्ही केले नाहीत. ती जागा कोरीच ठेवली आणि खाली कारण लिहिलं. माझं ते वाक्य मी खोडलं. पण त्याचंही वाक्य लिहिलं नाही, कारण सांगलीच्या पुरात वारणेचं पाणी असतं, खालचा पाऊस असतो. एका ग्राफवर निकाल लागत नाही. भांडण अजून चालूच आहे.

तुम्हीही कधी दोन याद्या शेजारी लावाल. मार्कांच्या लावा, नाहीतर मेसच्या बिलाच्या. आधी ओळी मोजा. आणि तारीख दोनदा आली तरी राहू द्या!