गोदाकाठचा आंबट पाव

नाशिक म्हटले, की रामकुंड, पंचवटी आणि द्राक्षे आठवायची. मला मात्र तिथल्या एका घरी खाल्लेला आंबट पाव आठवतो. गोव्याचे पोदेर पूर्वी माडाच्या सुरेने पीठ फुगवीत. नाशिकला माड कुठले? इथे विरजण पिठाचेच! भिजवलेल्या कणकेला रोज थोडे ताजे पीठ-पाणी देत गेले, की आठवड्याभरात पिठातलेच यीस्ट आणि आम्लजंतू जागे होतात. द्राक्षांवरची पांढरी झाक म्हणजे यीस्टच, असे पुष्कळांना वाटते. ती झाक खरे तर मेणाची.

घाई असली, तर अर्धा किलो मैद्यात वाटीभर आंबट दही, लहान चमचाभर कोरडे यीस्ट, मीठ आणि लागेल तसे कोमट पाणी घालावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोनएक तासांत पीठ दुप्पट होते. निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्या थंडीत मात्र तेच पीठ सुस्त पडून राहते.

या पावाला दह्याचा आंबटपणा येतो. मुरल्याचा सुवास येत नाही. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवणाऱ्यांना हे निराळे काय सांगावे? पाहुणे दारात असताना दह्याचा पाव करावा; दिवाळीच्या सकाळी मिसळीबरोबर मात्र आठवड्याच्या विरजणाचाच हवा!