पंचवटीतले पलुस्कर

लेकीने गांधर्वच्या प्रारंभिक परीक्षेचा फॉर्म आणला. अब्बांनी पेपर खाली ठेवला. "आपल्या घरात गाणं?"

वाद न घालता मी त्यांना विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट सांगितली. लहानपणी फटाक्याने नजर अधू झालेली. तरी १९०१ साली लाहोरला संगीत विद्यालय काढलं. विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीची पुस्तकं लिहिली, छापखानाही स्वतःचाच. (अधू नजरेने पुस्तकं लिहायची म्हणजे काय, हे अब्बांना मोतीबिंदूमुळे नेमकं कळलं.) पुढे ते आपल्या नाशकात, पंचवटीच्या आश्रमात राहिले.

"आणि अब्बा, त्यांच्या गुरूंची गायकी ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँसाहेबांकडून आलेली."

अब्बा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "क्लास सुटतो कधी? मगरिबच्या आत घरी आली पाहिजे."