उपासाच्या आड

काका गेले त्या वर्षी काकूचे उपास वाढले. सोमवार आणि संकष्टी आधीपासून होतीच. त्यात गुरुवार आला, शनिवार आला, मग दोन्ही एकादश्या. काकू फार देवाची झाली, असं आम्ही घरातले म्हणायचो. खरं तर तिला भूकच लागत नव्हती. उपास म्हटलं की का जेवली नाहीस, असं कुणी विचारत नाही.

उरलेल्या दिवशी चहा-खारी, फार तर दोन घास भात. एकटीसाठी कुकर कशाला लावायचा!

पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. (मन लागत नाही म्हणून आमच्याकडे कुणी दवाखान्याची पायरी चढलेलं मला आठवत नाही, पाय मात्र लगेच दाखवतात.) रक्तात बी-१२ फारच कमी निघालं. हे जीवनसत्त्व बनवतात जिवाणू, आणि आपल्या ताटात ते येतं मांस-मासे, अंडी, दुधातून. काकू जन्माची शाकाहारी, त्यात दूध चहापुरतं. तिच्यासारखे पुष्कळ असावेत. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होतं. त्याच्या कमतरतेने नसा दुखावतात, तसं मनही खचू शकतं.

इंजेक्शनांनी मुंग्या गेल्या. उदासी गेली नाही. मग मानसोपचारतज्ज्ञ, गोळ्या, आणि रोजच्या जेवणाची चौकशी.

मला वाटायचं, तिला जेवणापेक्षा सोबत हवी आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या चमूने नेमकं हेच ताडून पाहिलं होतं. नैराश्याचे ६७ रुग्ण. निम्म्यांना आहारतज्ज्ञाचं मार्गदर्शन, निम्म्यांना गप्पांची सोबत. भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातले सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ८ टक्के. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग तसा छोटाच, आणि बहुतेकांचे इतर उपचारही चालू होते. तरी माझा तर्क डळमळला.

परवा गुरुवारी गेलो तर काकूकडे मटकीची उसळ शिजत होती.

“आज उपास नाही?”

“गुरुवार सोडला. संकष्टी करते,” ती म्हणाली, आणि मीठ बघायला वाटी पुढे केली.