माझ्या फोनमधली माणसं

डोंबिवलीची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि मुलाने शीळफाट्याजवळ टॉवरमध्ये घर घेतलं. पुढे वर्षभरात पत्नी गेली. दिवसकार्य उरकलं आणि घरात फोन वाजेनासा झाला. भाचे, मेहुणे, जुने शेजारी, सगळ्यांची विचारपूस तिच्याच मोबाइलवर व्हायची. माझीही नाती तीच सांभाळत होती.

माझी स्वतःची माणसं लोकलमधली. सकाळच्या फास्ट गाडीत वर्षानुवर्षं एकाच डब्यात उभे राहिलो, दसऱ्याला डबा सजवून पूजा केली. एकेक जण निवृत्त होत गेला, तसा ग्रुप पांगला. इथून डोंबिवली लांब नाही. पण कल्याण-शीळ रस्ता ओलांडायचा, कोंडीत ताटकळायचं, या धास्तीने मी घरीच बसू लागलो. भूक मंदावली, झोप उडाली, रक्तदाब वाढला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "काका, दिवसभरात कोणाशी बोलता?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी या विषयावर वाचू लागलो. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात १९६५पासून नऊ वर्षं सुमारे सात हजार लोकांचा अभ्यास झाला. १९७९ साली निष्कर्ष छापून आले. माणसांत सर्वांत कमी मिसळणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वाधिक नाती असलेल्यांपेक्षा पुरुषांत २.३ पट, तर स्त्रियांत २.८ पट होतं. धूम्रपान, मद्यपान, आधीचं आजारपण यांचा हिशेब वेगळा केला तरी फरक उरलाच. २०१०मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही कल तोच दिसला.

मी जुनी डायरी काढून गाडीतल्या मित्रांना फोन लावले. आता दर मंगळवारी आम्ही फडके रोडच्या गणपती मंदिरात भेटतो. एखादा आला नाही, तर संध्याकाळच्या आत त्याच्या घरी फोन जातो. सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ केव्हाच उभं राहिलं होतं. आम्हा पुरुषांचा कट्टा आत्ता कुठे जमू लागलाय. सोमवारी जमेल तसे खिडकाळेश्वराच्या देवळातही जातो. भूक आणि झोप दोन्ही परतल्या आहेत. गोळ्या मात्र चालू आहेत, त्या सोडायच्या नाहीत.

निवृत्तीला आलेल्या पुरुषांना माझं कळकळीचं सांगणं आहे: भाच्याच्या वाढदिवसाचा फोन आजपासून स्वतः करा. आणि या भागात टॉवर बांधणाऱ्यांनी, रस्ते आखणाऱ्यांनी म्हाताऱ्यांना निर्धास्तपणे रस्ता ओलांडता येईल, चार जणांना सावलीत बसता येईल, एवढी सोय करावी. आमचं आयुष्य त्यानेही वाढणार आहे.