पासष्ट ओहम

कुकटपल्लीच्या हौसिंग बोर्ड वसाहतीत आमचे बिऱ्हाड आहे. घरातील सारे दिवे केव्हाच एल.ई.डी. झाले, उरला तो देवघरातील पिवळा बल्ब. मोतीबिंदू काढल्यापासून आजीस पांढरा उजेड सोसत नाही. "हा दिवा वीज फार खातो," ही वडिलांची तक्रार, तर "खाऊ दे बापड्याला!" हे आजीचे उत्तर. या दोघांचा निवाडा करण्याची आम्हांस हौस आली, व तीच आमच्या अंगाशी आली.

वर्गात नुकताच ओहमचा नियम झाला होता. विद्युद्दाबास प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. बल्बवर ६० वॉट, २३० व्होल्ट असे छापलेले. अर्थात प्रवाह ०.२६ अँपिअर, आणि रोध सुमारे ८८२ ओहम. आता पडताळा तेवढा पाहावयाचा! बल्ब काढून त्यास शेजाऱ्यांचा मल्टिमीटर लावला, तो आकडा उमटला ६५. बल्ब पुसला, मीटरचे सेल बदलले. ६५ काही हलेना.

पुढे जे केले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. प्रयोगवहीत 'मोजलेला रोध' या सदराखाली आम्ही सुवाच्य अक्षरांत ८८२ लिहिले, आणि संशय नको म्हणून सोबतीस ८७९ व ८८५ हीही वाचने रचून ठेवली.

विज्ञानाच्या बाईंनी वही पाहून एवढेच विचारले, "दिवा लागलेला असताना मीटर लावलास का रे?" आम्ही घाबरून नाही म्हटले, आणि मग सगळेच सांगून टाकले.

बाई रागावल्या नाहीत, ते अधिक लागले. प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः मंडल जोडून तसाच बल्ब पेटविला, अँमीटरने ०.२६ दाखविले. टंगस्टनची ती तार पेटल्यावर सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते व तिचा रोध दहा-पंधरा पटींनी वाढतो. थंड बल्बचे आमचे ६५ खरेच होते! १००० वॉटच्या इस्त्रीचा रोध मात्र गणिताने ५३ आणि थंड असता मोजून ५१ निघाला, कारण तिच्यातील नायक्रोमच्या तारेचा रोध उष्णतेने फारसा बदलत नाही.

ओहम हा कोलोनचा शाळामास्तर. अस्थिर विद्युत्घटांवर विसंबून १८२५ साली त्याने छापलेले सूत्र चुकले होते. पुढील वर्षी औष्णिक युग्म वापरून त्याने पुन्हा मोजमाप केले, आणि १८२७ च्या ग्रंथात आपला नियम मांडला. हे बाईंनी सहज सांगितले; आमच्याकडे न पाहता सांगितले, हे त्यांचे औदार्य.

आम्ही ते पान खोडून खाली ६५ लिहिले.

घरचा निवाडाही झाला. रोज पाच तास जळून तो बल्ब महिन्यास ९ युनिटे घेतो. ९ वॉटचा एल.ई.डी. दीडही घेत नाही. वडील जिंकले म्हणावयाचे! पण "दिवा नेहमी लावतानाच का रे जातो?" या आजीच्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही ६५ मध्येच सापडले : थंड तारेतून पहिल्या क्षणी साडेतीन अँपिअरपर्यंत प्रवाह धावतो, आणि झिजलेल्या तारेस तो धक्का सोसत नाही.

मागल्या कार्तिकात तो बल्ब सांजवातीच्या वेळी, बटण दाबताक्षणी गेला. वडील निमूटपणे चपला घालून खाली उतरले व पिवळाच बल्ब घेऊन आले.