तांबट आळीतील एक सकाळ

सांगलीचा आमचा जुना वाडा सोडून नव्या इमारतीत राहावयास जाण्याचे ठरले, तेव्हा घरातील अकरा माणसांची सोय सहज लागली. परंतु माळ्यावरील भांड्यांची काही केल्या लागेना. बंब, घंगाळ, दोन हंडे, कळशा, पितळी डबे आणि सासूबाईंच्या लग्नातला फिरकीचा तांब्या, असा तो संसार होता. धाकट्या जाऊबाईंचे म्हणणे पडले, की सारे मोडीत घालावे आणि नव्या फळ्यांवर प्लॅस्टिकचे एकसारखे डबे मांडावे. सासूबाई वाद घालीत बसल्या नाहीत. त्यांनी तांब्या पदराने पुसून माझ्या हाती दिला व म्हणाल्या, "पुण्याला जातेच आहेस, तर दोन डबेही घे आणि तांबट आळीत दाखवून ये. मग ठरवू."

तेव्हा तांब्यात पाणी भरून आणि दशम्या केळीच्या पानात गुंडाळून, वर फडके बांधून मी आगगाडीत बसले. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवितात. म्हणूनच ती प्रवासात टिकते, हे आपल्या आज्यांना कोणी शिकविले नव्हते. समोरच्या बाकावरील मंडळींनी पाणी पिऊन रिकामी बाटली खिडकीबाहेर भिरकावली. आमची शिदोरी संपली, तेव्हा मागे उरले एक धुण्याजोगे फडके आणि गाईपुढे टाकण्याजोगे एक पान.

दुसरे दिवशी सकाळी शनिवारवाड्यावरून कसबा गणपतीचे दर्शन घेऊन मी आळीकडे वळले. पेशवाईच्या काळापासून तांबटांची ही वस्ती येथे नांदत आहे. घरे दिसण्याआधी ठोके ऐकू येतात. ज्या लहानग्या हिरव्या पक्ष्याला त्याच्या एकसुरी टुकटुकीवरून आपण तांबट म्हणतो, त्याचे नाव किती यथार्थ आहे हे येथे कळते. एका ओसरीवर वृद्ध कारागीर घडा मठारीत बसले होते. ठोक्याशेजारी ठोका असा पडत होता, की सगळ्या अंगावर खवल्यांसारखी नक्षी उठावी. ही केवळ शोभा नव्हे. ठोक्यांनी तांबे कठीण होते, आणि पातळ पत्र्याच्या भांड्यालाही पोचा लवकर येत नाही.

मी तांब्या व डबे पुढे ठेवले. त्यांनी तांब्याची फिरकी दोनदा फिरवून पाहिली. "तांब्याला काही झालेले नाही, बाई. डब्यांना कल्हई हवी."

"आणि मोडीत घातले तर?"

"मोडीत वजनाचे पैसे मिळतात, हाताचे मिळत नाहीत," ते शांतपणे म्हणाले.

कल्हई व्हायला फार वेळ लागला नाही. डबा निखाऱ्यांवर तापला, आत नवसागराची पूड पडली, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि धातूवरचा मळ सुटला. कथील 232 अंशांवर वितळते. त्याची कांडी फिरविताच कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरले आणि काळवंडलेला डबा आतून चंद्रासारखा उजळला. हे कथील शुद्ध हवे. त्यात शिसे मिसळलेले असेल, तर अन्नाचे रक्षण होण्याऐवजी त्यात विष कालविले जाते.

मला माहेरच्या आत्याबाई आठवल्या. एकदा कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिले. ते कळकले, म्हणून घरात पाहुणे असतानाही त्यांनी ते सगळे मोरीत ओतले होते. तेव्हा मला तो हट्ट वाटला. आंबट पदार्थाने तांबे विरघळून अन्नात उतरते आणि त्याने ओकाऱ्या व पोटदुखी होते, हे पुढे समजले. म्हणून जुने तेवढे निर्दोष, असे मी म्हणणार नाही. पाण्याला तांबे, कोरड्या जिन्नसांना पितळ, लोणच्याला दादरा बांधलेली चिनी मातीची बरणी आणि ताकाला काच किंवा पोलाद, अशी ज्याची त्याची योग्यता आहे. प्लॅस्टिकला मात्र आपण ही निवड कधी करूच दिली नाही. सर्व काही त्यातच कोंबले. गरम व तेलकट अन्नात त्यातील काही रासायनिक द्रव्ये उतरू शकतात, हे माहीत असूनही! महाराष्ट्र सरकारने 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर व एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. 2022 साली देशभरही अशा कित्येक वस्तू बंद झाल्या. परंतु कायदा दुकानापर्यंत पोहोचतो; फळीवर काय मांडावे, हे घरानेच ठरवावयाचे असते.

परतीच्या वाटेवर मात्र जाऊबाईंची बाजू मला अधिकाधिक पटू लागली. प्लॅस्टिक हलके आहे, फुटत नाही आणि घासावयास सोपे. त्या लखलखीत भांड्यांचे कौतुक घराने केले. चिंच-मिठाने हात सोलपटले ते मात्र सुनांचे. भरलेला हंडा कोणाच्या कमरेवर होता, हे विसरून जुन्याचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल.

घरी आल्यावर सर्वांसमोर मी हेच मांडले. बंब व हंडे मोडीत गेले. जळणच उरले नाही, तिथे बंबाचे काय काम? दोन कळशा, पितळी डबे, घंगाळ आणि तांब्या राहिले. अट एकच ठरली : दर रविवारी भांडी घासण्याची पाळी पुरुषमंडळींची. जाऊबाईंनी तत्काळ संमती दिली!

पहिल्या रविवारी घरधनी कळशी घेऊन बसले. सासूबाई दारात उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. मला वाटले, लेकाच्या हातात चिंच पाहून आता काही बोलतील.

"बुडाशी काळे राहिले आहे रे," एवढेच म्हणून त्या आत गेल्या.