श्वेनदचं धुपाटणं

चि. मृण्मयी,

तू पाठवलेला धुपाटण्याचा फोटो मोठा करकरून पाहिला. बुडावरच्या सहा चिनी अक्षरांचा अर्थ, ‘महान मिंगांच्या श्वेनद काळात घडवलेलं’. तू विचारतेस, मावशी, मी फसले का गं?

श्वेनद हा मिंग सम्राट. त्याची कारकीर्द १४२५ ते १४३५. कथा अशी की, सयामहून नजराणा म्हणून आलेलं उत्तम तांबं वापरून त्याने १४२८ मध्ये धुपाटणी ओतवून घेतली. ही हकिगत सांगणारा ग्रंथ मात्र बराच नंतरचा असावा, असं अभ्यासक मानतात. आज दिसतात ती धुपाटणी बहुतेक मिंगांच्या अखेरची नाहीतर छिंग काळातली, त्यांतली कितीतरी पितळेचीच. शिक्का तेवढा श्वेनदचा. तुझंही तसंच असणार, हे स्पष्ट सांगते. पण हाती धुपाटणं राहिलं म्हणून हळहळू नकोस.

चिनी विद्वानांनी हे भांडं देव्हाऱ्याजवळून लिहायच्या मेजावर आणलं. तिथे धूर करायचाच नाही. भांड्यात मऊ राख भरायची, तिच्या पोटात पेटता कोळसा पुरायचा, वर अभ्रकाची चकती ठेवायची आणि तिच्यावर अगरूची एवढीशी ढलपी. लाकूड जळत नाही, नुसतं तापतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत धूर न जाता खोलीभर वास पसरतो. सतराव्या शतकात वेन झेनहेंगने घरातल्या वस्तूंवर ग्रंथ लिहिला. प्राचीन कांस्यपात्रं नि उंची चिनी मातीची धुपाटणी पाहण्यापुरती ठेवा, असं तो सांगतो. रोजच्या वापराला श्वेनदच्या घाटाचं थोडं मोठं धुपाटणंच त्याला पसंत होतं.

मला मोह आहे तो या धुपाटण्यांच्या रंगाचा. अंगावर नक्षी अनेकदा नसतेच. राखेखालचा विस्तव वर्षानुवर्षं मंद राखला की धातूचा रंग हळूहळू खुलतो, आतून उजळल्यासारखा दिसतो. त्यासाठी रसिक धुपाटणं सतत कोमट ठेवत. चिनी भाषेत याला धुपाटणं ‘पोसणं’ म्हणतात. किती नेमका शब्द! बीजिंगचे संग्राहक वांग शिश्यांग (१९१४–२००९) यांनी हा नाद विसाव्या शतकातही जपला.

म्हणून सांगते, आपल्या आजीच्या समईसारखं त्याला चिंच-मीठ लावून लख्ख करू नकोस, पितांबरी तर मुळीच नको. कुणाकुणाच्या हातून चढलेला रंग एका दुपारीत निघून जाईल. कोरड्या मऊ फडक्याने पूस, बस्स. आणि दिवसाच्या उजेडात आणखी एक फोटो काढ, त्याच्या दोन्ही कानांच्या जवळचा. तिथला रंग मला नीट पाहायचाय.

तुझी,
मावशी